शर्ट दहा मिनिटं दिसला पाहिजे

४ मार्च, सकाळी ६.१०

आजपासून प्रोफेशनल. मनाने आधीपासूनच होतो, पण कागदावर काल झालो. स्पॉन्सर मिळाला. गादीवाले शेठ. त्यांची दोन मजली शोरूम आहे, खाली गाद्या, वर उशा. सही जरा वाकडी आली, पण ती पेन हलका असल्यामुळे.

डिस्क गोल्फ म्हणजे काय हे शेठना समजावण्यात अर्धा तास गेला. गोल्फच, पण काठी नाही, चेंडू नाही, जमिनीत भोक नाही. शेठ म्हणाले, मग उरलं काय. मी म्हटलं, हातात डिस्क उरली, आणि तीनशे फुटांवर खांबाला साखळ्या लावलेली टोपली उरली. कमीत कमी थ्रोमध्ये डिस्क टोपलीत घालायची. अशा अठरा टोपल्या. शेठनी विचारलं, हे बघतं कोण. मी मोबाइलवर या खेळाचं चॅनेल दाखवलं. एकेका टूर्नामेंटच्या व्हिडिओला ऐंशी ऐंशी हजार व्ह्यूज. शेठनी चष्मा चढवला आणि मॅनेजरला कागद आणायला सांगितलं.

शर्ट भडक पोपटी. पाठीवर शोरूमचं नाव, छातीवर उशीचं चित्र. महिन्याला ठरलेली रक्कम, ऑक्टोबर संपेपर्यंत. कलम सहा असं, की सीझनभरात चॅनेलच्या व्हिडिओंमध्ये हा शर्ट एकूण दहा मिनिटं दिसला, तर दोन वर्षांचा करार आणि रक्कम तिप्पट. नाही दिसला तर रामराम.

बायकोने करार दोनदा वाचला. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, बारीक अक्षर वाचायची सवय आहे. ती म्हणाली, दहा मिनिटं जमतील ना. मला हसूच आलं. एक राउंड साडेतीन तास चालतो.

लिफ्ट कंपनीतून आठ महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. अठरा वर्षं लोकांना वर-खाली नेण्याची सोय केली, आता स्वतः वर जायचं. साहेब म्हणाले, एक नोव्हेंबरपर्यंत जागा ठेवतो, मग दुसरा माणूस घेईन. त्यांना वाटतंय मी परत येईन. बिचारे.

संकल्प: रोज शंभर थ्रो, गोड बंद, पहाटे उठणे.

५ मार्च, सकाळी ९.४०

पहाटे उठणे उद्यापासून. शरीराला झेपेल असा बदल हळूहळू करावा असं सगळे तज्ज्ञ सांगतात.

१२ मार्च

शंभर थ्रोपैकी अठ्ठावीस झाले. खांदा. पण ते अठ्ठावीस असे होते की शंभरांच्या तोंडात मारतील. संख्या की दर्जा हा प्रश्न प्रत्येक खेळाडूसमोर कधी ना कधी येतो. मी दर्जाच्या बाजूने आहे.

मेहुणा येऊन गेला. शर्ट बघून म्हणाला, थाळीफेकीला पैसे देणारा माणूस एकदा बघायचाय. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. मग त्याने विचारलं, गाद्यांवर डिस्काउंट मिळतो का. मिळत नाही. हे त्याला सांगितलं नाही.

२३ मार्च, संध्याकाळी

पहिली टूर्नामेंट झाली. बासष्टांत सत्तावन्नावा. हा आकडा फसवा आहे. वारा धरला, सहाव्या टोपलीवरचं झाड धरलं आणि तळ्यात गेलेल्या तीन डिस्क धरल्या नाहीत, तर मी सहज चाळिसात होतो.

एक बाब आज लक्षात आली. दुसऱ्या दिवशी गुणांप्रमाणे चौघाचौघांचे गट करतात. आघाडीचे चौघे सर्वांत शेवटी, दुपारी दीडला निघतात, आणि कॅमेरा फक्त त्यांच्या मागे असतो. माझा गट सकाळी साडेसातचा. सकाळची हवा माझ्या थ्रोला मानवते, त्यामुळे तक्रार नाही. पण साडेसातला मैदानावर कॅमेरा सोडाच, चहावालासुद्धा आलेला नसतो.

आघाडीवर परत ती चष्मेवाली मुलगी. वय वीस, वजन माझ्या एका पायाएवढं, आणि चारशे फूट फेकते. डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने तिला लहानपणीच उचललं. मला काका म्हणते. प्रोफेशनल माणसं एकमेकांना काका म्हणत नाहीत.

२८ मार्च, दुपारी

व्हिडिओ आला. पंचावन्न मिनिटांचा. शेवटपर्यंत पाहिला, मग बायकोला बसवून परत पाहिला. एकतिसाव्या मिनिटाला, पहिल्या दिवसाच्या शूटिंगमध्ये, पार्किंगच्या बाजूला पोपटी रंग दिसतो. मीच. बाटली उलटी करून पाणी संपलंय का बघतोय. चार सेकंद.

उरली नऊ मिनिटं छप्पन्न सेकंद. सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

९ एप्रिल

कॅमेरावाल्याला मेल लिहिला. तो एकटाच चॅनेल चालवतो. तोच शूटिंग करतो, तोच कॉमेंट्री करतो, आणि एकटाच असल्यामुळे डोक्यात हवा गेलीये. मी स्पष्ट लिहिलं की खेळ म्हणजे चार माणसं नव्हेत, मागच्या अठ्ठावन्न जणांनाही घरदार आहे, स्पॉन्सर आहेत, आणि मीडियाच जर कायम पुढच्यांची तळी उचलणार असेल तर मागचे पुढे येणार कसे. दोन पानं झाली. पोटतिडकीने लिहिलं होतं.

उत्तर एका ओळीचं. लोकांना जिंकणारे बघायचे असतात.

हे वाक्य मी कपाटाच्या दारावर चिकटवलं आहे. एक दिवस त्याला हेच वाक्य खायला लावीन.

१८ मे

बासष्टांत साठावा. खेळ सुधारतोय, आकड्यात यायला वेळ लागतो.

आज माझा राउंड संपल्यावर घरी न जाता थांबलो. आघाडीचे चौघे जिथून थ्रो करतात तिथे बरोब्बर मागे, पाठ कॅमेऱ्याकडे करून उभा राहिलो. शोरूमचं नाव स्वच्छ वाचता यावं म्हणून श्वाससुद्धा बेताने. दुसऱ्याच टोपलीवर कॅमेरावाला म्हणाला, काका, फ्रेममधून जरा बाजूला. सगळ्यांदेखत. मी म्हटलं, ही सार्वजनिक जागा आहे. तो म्हणाला, हो, म्हणूनच दुसरीकडे खूप जागा आहे.

मी हललो नाही. शेवटी आयोजकांनी येऊन विनंती केली. विनंती केली म्हणून गेलो.

२२ मे

व्हिडिओत नऊ सेकंद. बाकी सगळं कापलं. सूड.

१५ जून, दुपारी ४

महत्त्वाचा दिवस. मैदानावरच लिहितोय म्हणून अक्षर असं आलंय.

राउंड सकाळीच उरकला होता. आघाडीच्या चौघांच्या मागे मागे फिरत होतो, फ्रेमच्या बाहेर, सन्मानपूर्वक अंतर ठेवून. अकराव्या टोपलीवर चष्मेवालीची डिस्क झाडाला लागली आणि बाजूच्या दाट झुडपात गेली. नियम असा की हरवलेली डिस्क शोधायला तीन मिनिटं. गटातल्या सगळ्यांनी शोधायची, प्रेक्षकांनीही हातभार लावावा असा रिवाज. तीन मिनिटांत सापडली नाही तर एका थ्रोचा दंड, आणि थ्रो परत.

मीही घुसलो. आणि वाकून पानं बाजूला करताना सहज मागे पाहिलं तर कॅमेरा सरळ माझ्या पाठीवर. दुसरीकडे बघण्यासारखं काही चाललेलंच नव्हतं. कॅमेरावाल्याने मला बाजूला व्हा म्हटलं नाही. कसा म्हणेल. मी मदत करत होतो.

१९ जून

एक मिनिट एक्कावन्न सेकंद! वर कॉमेंट्रीत म्हणाला, पोपटी शर्टातले हे सद्गृहस्थ मनापासून शोधतायत. शोरूमचं नाव इतकं स्वच्छ, की बायको लांबून चष्म्याशिवाय वाचू शकली. बायको म्हणाली, पण तुम्ही खेळताना कधी दिसणार. मी म्हटलं, कलम सहा वाच. त्यात शर्ट म्हटलंय, थ्रो म्हटलेला नाही.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

२० जुलै

गमबूट घेतले. एक लांब काठीही केली, टोकाला आकडा लावून. दोन टूर्नामेंटमध्ये मिळून दोन मिनिटं चाळीस. खेळातही प्रगती आहे, म्हणजे एकोणसाठावा, पण आज दोघे आजारी होते.

माझी खरी देणगी आता लक्षात येतेय. लिफ्टच्या खड्ड्यात पडलेला चार मिलिमीटरचा स्क्रू मी अंधारात, ग्रीसमध्ये शोधलेला माणूस आहे. झुडपातली लाल डिस्क म्हणजे माझ्यासाठी पोरखेळ. खेळाडू आता मला ओळखतात. झाडीत डिस्क गेली की आधी माझ्याकडे बघतात. कोणी काका म्हणालं तरी सूर वेगळा असतो.

१७ ऑगस्ट

अडचण. आज तिसऱ्या टोपलीवर डिस्क पंधरा सेकंदांत सापडली. सातव्या टोपलीवर बावीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चष्मेवालीने थँक्यू म्हटलं, आणि कॅमेरा लगेच वळला. दिवसभराची कमाई सदतीस सेकंद.

कौशल्य आड येतंय. विचार करावा लागेल.

१८ ऑगस्ट

विचार केला. डिस्क दिसल्या दिसल्या ओरडलंच पाहिजे असा नियम कुठेही नाही. माणसाने खात्री करून घ्यावी. यापुढे डिस्क दिसली की मनात साठ मोजायचे, मग सांगायचं. तीन मिनिटांच्या आत सांगितलं की कोणाचं काही बिघडत नाही. डिस्क त्यांना मिळते, शर्ट मला मिळतो. पाप म्हणावं असं यात काही नाही, उलट सगळ्यांची सोय आहे.

२१ सप्टेंबर

साठ मोजण्याची पद्धत यशस्वी. आज सलग तीन वेळा. एकदा मोजता मोजता दुसऱ्यालाच सापडली, ते वाईट झालं. लोक अधीर असतात.

माझा राउंड दहाव्या टोपलीनंतर सोडून दिला. खांदा. शिवाय आघाडीचे चौघे निघायच्या आधी झुडपांची पाहणी करायची होती.

माझ्या मोजणीने एकूण सात मिनिटं अठ्ठेचाळीस. शेवटची टूर्नामेंट बाकी. दोन मिनिटं बारा सेकंद हवेत. शेठना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, बरं. मोठी माणसं कमी बोलतात.

१२ ऑक्टोबर, रात्री ८.३०

सीझन संपला. झालं ते जसं झालं तसं लिहितो, म्हणजे पुढे कोणी काही म्हटलं तर माझ्याकडे माझी बाजू असेल.

साडेचारपर्यंत एकही डिस्क हरवली नाही. एकही. सोळा टोपल्या गमबूट घालून नुसता चाललो. चष्मेवाली एका थ्रोने पुढे होती. सगळ्यांना माहीत होतं की ही टूर्नामेंट जिंकली तर कंपनी तिच्या नावाची डिस्क काढणार, दुकानात तिचं नाव छापलेली डिस्क मिळणार. ती सोळाव्या टोपलीवर बाटली उघडताना हात पुसत होती, दोनदा.

सतराव्या टोपलीवर तिचा थ्रो फांदीला लागला आणि पाचोळ्यात गेला. माझं काळीज उडालं. आनंदानेच, खोटं कशाला सांगू. मी सगळ्यांच्या आधी पोचलो. चार पावलं टाकली आणि उजव्या पायाखाली काहीतरी टणक लागलं.

सवयीप्रमाणे साठ मोजायला घेतले. कॅमेरा पाठीवर. वाकून काठीने आजूबाजूचा पाचोळा उलथत राहिलो, पाय जागचा न हलवता. साठ झाले. मग म्हटलं नव्वद होऊ दे. नव्वदला हिशेब केला, दोन मिनिटं बारा हवेत, अजून बेचाळीस सेकंद. दीडशे मोजून सांगू. तेवढ्यात चष्मेवाली माझ्याजवळ आली आणि म्हणाली, काका, इथे बघितलंत का. मी म्हटलं, बघितलं. आणि हे खरंच होतं, बघितलं होतं. पण ते बोलून गेल्यावर, आता इथेच आहे असं कुठल्या तोंडाने सांगणार? पाय उचलायचा तरी कसा?

पंचांनी वेळ संपल्याचं सांगितलं. एका थ्रोचा दंड. अठराव्या टोपलीनंतर ती एका थ्रोने हरली.

माझी चूक म्हणाल, तर एवढीच की ती मधेच बोलायला आली.

सगळे गेल्यावर डिस्क उचलली. पाचोळ्यात टाकून येणं जमलं नाही. डिस्क जमिनीवर टाकून निघून जाणारा माणूस मी नव्हे, कुठलाच खेळाडू नव्हे. केशरी, कडा झिजलेली, वर्षानुवर्षं वापरलेली. पोटावर मार्करने तिचं नाव आणि फोन नंबर. सगळेच लिहितात, सापडली तर कळवावी म्हणून. पिशवीत तळाशी ठेवली.

१६ ऑक्टोबर, दुपारी

दोन मिनिटं एकतीस सेकंद. एकूण दहा मिनिटं एकोणीस. झालं. कलम सहा झालं! शेठना व्हिडिओ पाठवला, वेळा लिहून. ते म्हणाले, मॅनेजर तपासेल, महिनाअखेरीस या, सही करू.

कॉमेंट्रीत कॅमेरावाला म्हणाला, शेवटच्या सेकंदापर्यंत शोधत राहिलेला माणूस. ज्याने मला फ्रेममधून हाकललं तोच. कपाटावरचा कागद काढून टाकला. मी मोठ्या मनाचा आहे.

असोसिएशनचाही मेल आला. यंदाचा खिलाडूवृत्तीचा पुरस्कार मला. बायकोने साहेबांना फोन करून सांगू का विचारलं. मी म्हटलं, साहेबांना पेपरातूनच कळू दे.

१७ ऑक्टोबर

बातमी आहे की नावाची डिस्क जिंकलेल्या पोराची निघणार. कंपनी म्हणे हरलेल्याचं नाव छापत नाही.

एक थ्रो. अठरा टोपल्या होत्या. बाकीच्या सतरांवर एक थ्रो वाचवायला कोणी अडवलं होतं का? वीस वर्षांची आहे, पुढे चाळीस सीझन पडलेत. माझ्याकडे किती आहेत हे कोणी विचारलं? तिला कंपनी आहे, मला गादीवाले शेठ. तिच्या मागे कॅमेरा आपोआप येतो, मला पाचोळ्यात वाकावं लागतं. याचा कोणी विचार करत नाही.

जेवण नीट गेलं नाही. मीठ जास्त होतं. बायको म्हणाली, नव्हतं.

१९ ऑक्टोबर, सकाळी ७

मैदानावर कोणी नव्हतं. केशरी डिस्क एकदा फेकून पाहिली. नुसती बघायला. तीनशे दहा फूट. मी आयुष्यात एवढं फेकलेलं नाही. डिस्कला हात मानवला म्हणायचं. अकरा वेळा फेकली आणि प्रत्येक वेळी धावत जाऊन आणली.

परत करायचीच आहे. कधी आणि कशी, हे ठरवायचंय.

२२ ऑक्टोबर, दुपारी १.२०

घात झाला.

बायकोने पिशवी धुवायला काढली. डिस्क दिसली, नंबर दिसला, तिने फोन लावला. दुकानात कोणी प्रिस्क्रिप्शन विसरलं की ती अशीच फोन लावते. मला न विचारता. मी आलो तेव्हा सांगते कशी, अहो, ती मुलगी फोनवर रडायलाच लागली, आजोबांनी घेऊन दिलेली पहिली डिस्क आहे म्हणाली, रविवारी घ्यायला येतेय. आणि कॅमेरावाला तिच्या सीझनवर काहीतरी करतोय, तोही येतोय.

मी शांतपणे सांगितलं की डिस्क मला काल गेटपाशी सापडली, तेवढंच सांगायचं. बायको म्हणाली, काल कशी, टूर्नामेंटच्या दिवशीच पिशवीत होती, तुमचे गमबूट काढताना मीच हलवून ठेवली. मी म्हटलं, हे प्रकरण जरा तांत्रिक आहे. ती म्हणाली, मग मला समजावून सांगा. मी अंघोळीला गेलो.

२५ ऑक्टोबर

बायको तीन दिवस फक्त कामापुरतं बोलते. मीही ताठ आहे. ज्या माणसाला खिलाडूवृत्तीचा पुरस्कार आहे त्याने घरात खुलासे देत बसायचं का?

उद्यासाठी उत्तर पाठ केलं. तसं बघायला गेलं तर, इथून सुरुवात.

२६ ऑक्टोबर, संध्याकाळी

शर्ट इस्त्री करून घातला होता. कॅमेरा घरात येतोय तर वाया कशाला घालवा.

चष्मेवाली सोफ्याच्या कडेवर बसली. कॅमेरावाल्याने मला खिडकीजवळ बसवलं, उजेड बरा म्हणून. पहिल्यांदाच त्याने मला फ्रेममध्ये बसायला सांगितलं. मग विचारलं, डिस्क कुठे सापडली. मी म्हटलं, तसं बघायला गेलं तर. इतक्यात बायको पाणी घेऊन आली आणि तिने ग्लास ठेवता ठेवता सांगून टाकलं. त्याच दिवशी, मैदानावरच. बूट काढले तेव्हा पिशवीत होती.

कॅमेरावाल्याने कॅमेरा बंद केला नाही. चष्मेवालीने डिस्क हातात घेतली आणि बाहीने पुसली. वरच्या बाजूला गमबुटाच्या तळव्याची नक्षी उमटली होती, अर्धी. तिने त्यावरून बोट फिरवलं, मग माझ्या दारातल्या गमबुटांकडे पाहिलं. मी दहा मिनिटांची अट सांगितली. कलम सहा, तिप्पट रक्कम, एक नोव्हेंबर, साहेब. पाठ केलं होतं ते सगळं विसरलो आणि हे सगळं सांगितलं.

जाताना दाराशी, कॅमेरा पिशवीत गेल्यावर, ती म्हणाली, काका, मला कानात सांगायचं होतंत. मीही तुमच्याबरोबर खोटं खोटं शोधलं असतं. पावणेतीन मिनिटांनी डिस्क सापडली असती, तुमचा शर्टही दिसला असता.

रागावली नव्हती. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

वाईट वाटलं. हे इथेच लिहितोय, कारण इथे कोणी वाचत नाही.

२९ ऑक्टोबर

व्हिडिओ आला. परवाच टाकला त्याने. नाव 'उजवा पाय'. त्याने जुनं सगळं शूटिंग काढून माझ्या बुटाभोवती लाल गोल केला आहे. तीन मिनिटं काठी हलते, मान हलते, हात हलतात, उजवा पाय हलत नाही. एकदा स्लो मोशनमध्येही. दोन दिवसांत सहा लाख व्ह्यूज. चॅनेलच्या इतिहासात एवढे कोणाला मिळालेले नाहीत, आघाडीच्या चौघांना तर नाहीच. लोकांना जिंकणारे बघायचे असतात म्हणे.

पुरस्कार मागे घेतला. दोन सीझनची बंदी. मेहुण्याचा मेसेज, एकही शब्द नाही, नुसता पायाचा फोटो.

पण कंपनीलाही लोकांनी धारेवर धरलं, आणि चष्मेवालीच्या नावाची डिस्क निघतेय. केशरी. म्हणजे एका अर्थाने ती माझ्यामुळेच निघाली. हे बायकोला सांगितलं. तिने माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मी वाक्य परत घेतलं.

३० ऑक्टोबर, दुपारी १२

शेठकडे गेलो. करार समोर ठेवला. म्हटलं, शर्ट एकूण वीस मिनिटांच्या वर दिसलाय, कसा दिसला पाहिजे हे कलमात नाही. आवाज चढवला. हक्काचं आहे ते मागायला लाजायचं कशाला?

शेठनी मॅनेजरला बाहेर पाठवलं. म्हणाले, तुमचं बरोबर असेल, कोर्टात जा, पण तो शर्ट आता घालू नका, इथेच काढून ठेवलात तरी चालेल. मग म्हणाले, व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिला, आणि माझ्या डोक्यात एक जाहिरात आली आहे. आमच्या गादीवर पाऊल ठेवलं की उचलावंसं वाटत नाही. एका दिवसाचं काम. मोबदला ठीक, शिवाय एक सिंगल गादी.

मी उभा राहिलो. म्हटलं, मी खेळाडू आहे, नमुना नाही. शर्ट तिथेच काढून टेबलावर ठेवला आणि बनियनवर बाहेर पडलो. मान ताठ. शोरूममधली गिऱ्हाईकं बघत होती, बघू देत. कदापि नाही.

३१ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

साहेबांचा फोन. उद्या सातला या, गणवेश ठेवलाय, सहाव्या मजल्यावर लिफ्ट अडकते. व्हिडिओबद्दल एक शब्द नाही. म्हणजे पाहिलाय.

३१ ऑक्टोबर, दुपारी २

जाहिरातीला होकार कळवला. झुकलो असं नव्हे. मी माझ्या अटी घातल्या: काम रविवारीच, गाडी पाठवायची, आणि माझं नाव खेळाडू म्हणून जायला हवं. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर मॅनेजर म्हणाला, नावाचा प्रश्नच येत नाही, चेहरा घेणार नाही आहोत. शर्टही नको. घोट्याच्या वर काहीच दिसणार नाही.

बायकोला सांगितलं. नऊ दिवसांनी पहिल्यांदा नीट बोलली. विचारलं, कुठला पाय. म्हटलं, उजवा. ती आत गेली, नेलकटर आणून माझ्यासमोर ठेवला आणि डाव्याचीही कापून घ्या म्हणाली.